इंजिन केवढे करावे?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिडकीन नावाचे गाव आहे. या गावाला रेल्वेस्थानक नाही. आगगाडी पाहावयाची तर संभाजीनगरला जावे लागते. तेथून एकीकडे मनमाडला आणि दुसरीकडे जालना-परभणीला जाणारा जो लोहमार्ग आहे, तो १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात बांधला गेला. त्या वेळी त्याच्या दोन रुळांमधील अंतर एक मीटर होते आणि त्यावरून वाफेची इंजिने धूर सोडीत धावत असत. १९९० नंतरच्या दशकात हा मार्ग रुंद करण्यात आला. वाफेची इंजिनेही काळाच्या ओघात मागे पडली. आज बिडकीनच्या एखाद्या मुलाला वा मुलीला वाफेचे इंजिन चालताना पाहावेसे वाटले, तर ते सहजासहजी दृष्टीस पडणार नाही.

पण जे पाहावयास मिळत नाही, ते पुष्कळदा स्वतःच्या हातांनी करून पाहता येते. वाफेच्या इंजिनाची लहान प्रतिकृती घरच्या घरी तयार करणारे हौशी कारागीर जगातील अनेक देशांत आहेत. ही प्रतिकृती कपाटात ठेवण्यासाठी केलेली नसते. तिच्या पोटात खरा विस्तव पेटतो, खरे पाणी उकळते आणि त्याची खरी वाफ दट्ट्याला पुढेमागे ढकलून चाके फिरविते. अशी प्रतिकृती पुरी करण्यास काही महिने, प्रसंगी काही वर्षेही लागतात. म्हणून कानस हाती घेण्यापूर्वीच कारागिराला एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. तो प्रश्न म्हणजे, इंजिन केवढे करावे? हे उत्तर चुकले, तर पुढील सारे श्रम वाया जाण्याचा संभव असतो.

भूगोलाच्या पुस्तकातील नकाशांमुळे ‘प्रमाण’ हा शब्द तुमच्या परिचयाचा आहे. नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अमुक इतके किलोमीटर, असे आपण म्हणतो. प्रतिकृतीचेही तसेच आहे. १:१६ हे प्रमाण घेतले म्हणजे खऱ्या इंजिनातील १६ सेंटिमीटर लांबीचा भाग प्रतिकृतीत १ सेंटिमीटर लांबीचा होतो. परंतु नकाशा आणि चालती प्रतिकृती यांत एक मोठा भेद आहे. नकाशातील गोदावरीतून पाणी वाहत नसते. म्हणून नकाशा भिंतीएवढा काढा किंवा तळहाताएवढा काढा, तो नकाशाच राहतो. चालत्या इंजिनातून मात्र वाफ वाहावी लागते. ते एका मर्यादेपलीकडे लहान केले, तर त्याचे रूप राहते, पण त्याची शक्ती नाहीशी होते.

हा विषय नीट ध्यानात येण्यासाठी एका काल्पनिक इंजिनाचा हिशेब करून पाहू. समजा, एका इंजिनाची लांबी १६ मीटर, वजन ६४ टन आणि मोठ्या चाकांचा व्यास १३६ सेंटिमीटर आहे. त्याच्या सिलिंडरचा आतील व्यास ४० सेंटिमीटर आहे. याच सिलिंडरमध्ये दट्ट्या सरकतो. बॉयलरमध्ये सुमारे ४,१०० लिटर पाणी मावते. आता या इंजिनाच्या तीन प्रतिकृती कल्पनेने तयार करू. पहिली १:८ या प्रमाणात, दुसरी १:१६ या प्रमाणात आणि तिसरी १:३२ या प्रमाणात.

लांबीचा हिशेब सोपा आहे. पहिली प्रतिकृती २ मीटर लांब होईल, दुसरी १ मीटर आणि तिसरी अर्धा मीटर. तिन्हींच्या लांबीत दुपटीचे अंतर आहे. पण वजनाचे तसे नाही. वस्तूची लांबी अर्धी केली म्हणजे तिची रुंदी आणि उंचीही अर्धी होते. अर्ध्याचे अर्धे पाव आणि त्याचे अर्धे अर्धपाव. म्हणजे वजन आठवा हिस्सा उरते. या नियमाने पहिल्या प्रतिकृतीचे वजन १२५ किलोग्रॅम भरेल. दुसरीचे १५ किलोग्रॅमहून थोडे अधिक आणि तिसरीचे अवघे २ किलोग्रॅम. बॉयलरमधील पाणीही याच हिशेबाने घटत जाऊन पहिलीत सुमारे ८ लिटर, दुसरीत १ लिटर आणि तिसरीत एक अष्टमांश लिटर, म्हणजे चहाचा कपभर राहील. घेतलेल्या प्रमाणाचा परिणाम लांबीवर एकदाच होतो, तर वजनावर तो लांबी, रुंदी आणि उंची असा तीनदा होतो, ही गोष्ट नवशिक्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

नवशिक्याची पहिली ओढ मोठ्या इंजिनाकडे असते. आपण त्यावर बसावे, मित्रांना बसवावे, असे त्याला वाटते. ते स्वाभाविकही आहे. मोठ्या भागांवर हात चांगला चालतो. स्क्रू हाताला लागतात, कोळसा लहान फावड्याने टाकता येतो आणि मापातील बारीक चूकही खपून जाते. पण १२५ किलोग्रॅमचे इंजिन एकट्या माणसाला उचलता येत नाही. ते ओसरीवरून अंगणात न्यावयाचे तर चार माणसे लागतात. त्याची चाके १७ सेंटिमीटर व्यासाची होतात, आणि घरगुती कामासाठी जो लहान लेथ असतो, त्यावर एवढे चाक कातणे अवघड जाते. तांबे, पितळ आणि पोलाद वजनावर विकत घ्यावे लागते, त्यामुळे दुप्पट लांबीच्या इंजिनाला आठपट धातू लागतो. अशा रीतीने मोठ्या उत्साहाने आरंभलेली कितीतरी इंजिने चाकांच्या जोडीपुरती तयार होऊन तशीच पडून राहतात.

मग लहानात लहान इंजिन करावे काय? येथे निसर्ग आडवा येतो. तुमच्या घरी पाणी तापविण्याचा बंब असेल, तर एक प्रयोग करा. आईच्या परवानगीने बंबातील गरम पाणी एका लहान तांब्यात काढून ठेवा. अर्ध्या तासाने पाहाल, तर तांब्यातील पाणी कोमट झालेले आढळेल. तेवढाच वेळ विस्तवाशिवाय उभ्या असलेल्या बंबातील पाणी मात्र अजून चांगले गरम असेल. असे का व्हावे? उष्णता बाहेर जाते ती वस्तूच्या पृष्ठभागातून, आणि साठते ती वस्तूच्या आतील पाण्यात.

दोन सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचे घनफळ ८ घन सेंटिमीटर आणि पृष्ठभाग २४ चौरस सेंटिमीटर असतो. म्हणजे प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्याला ३ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग येतो. आता एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे घनफळ १ आणि पृष्ठभाग ६. येथे प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्याला दुप्पट पृष्ठभाग आला. वस्तू जितकी लहान, तितका तिच्या पोटाच्या मानाने पाठीचा पसारा अधिक आणि तितकी ती लवकर निवते. लहान इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शिरलेली वाफ म्हणूनच दट्ट्याला ढकलण्यापूर्वीच भिंतींना उष्णता देऊन बसते आणि तिचे पाणी होते.

ही अडचण आजची नाही. वाफेच्या यंत्राच्या इतिहासातील एक अतिशय महत्त्वाचा शोध याच अडचणीतून लागला. इंग्लंडमध्ये थॉमस न्यूकोमेन याने १७१२ मध्ये खाणीतील पाणी उपसण्यासाठी वाफेचे यंत्र उभारले होते. त्या यंत्रात सिलिंडर वाफेने भरीत आणि मग आत थंड पाण्याचा फवारा सोडीत. वाफेचे पाणी होऊन आत पोकळी निर्माण होई आणि बाहेरील हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकली. ही यंत्रे आकाराने प्रचंड असून खाणींवर बरी चालत. स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी या यंत्राची एक लहान प्रतिकृती ठेवलेली होती. तिच्या सिलिंडरचा व्यास दोन इंच, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर होता. ती नीट चालत नसल्यामुळे १७६३ च्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या उपकरण-कारागिराकडे दुरुस्तीसाठी आली. त्या कारागिराचे नाव जेम्स वॅट.

वॅटने प्रतिकृती दुरुस्त केली. तिचे सर्व भाग जागच्या जागी होते आणि तिचा बॉयलरही पुरेसा मोठा दिसत होता. तरीही ते यंत्र काही थोडे ठोके घेऊन थांबे, कारण बॉयलरमधील वाफ संपून जाई. दुसरा एखादा कारागीर ‘खेळण्याकडून याहून अधिक काय अपेक्षावे’ असे म्हणून मोकळा झाला असता. वॅट मात्र त्याचे कारण शोधू लागला. मोठ्या यंत्राच्या मानाने लहान सिलिंडरचा पृष्ठभाग फार अधिक आहे, शिवाय तो पितळेचा असल्यामुळे बिडाच्या सिलिंडरपेक्षा अधिक उष्णता खातो, हे त्याच्या ध्यानात आले. प्रत्येक ठोक्याला थंड पाण्याने सिलिंडर निवत होता आणि पुढल्या ठोक्याची बरीचशी वाफ तो पुन्हा तापविण्यातच खर्ची पडत होती.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हाच अपव्यय खाणींवरील मोठ्या यंत्रांतही होत होता, परंतु तेथे तो कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हता. लहान प्रतिकृतीने मोठ्या यंत्राचे दुखणे उघड केले. १७६५ मध्ये वॅटला उपाय सुचला. वाफेचे पाणी सिलिंडरमध्ये न करता एका वेगळ्या थंड भांड्यात करावे, म्हणजे सिलिंडर सदा गरम राहील. १७६९ मध्ये त्याने या योजनेचे पेटंट घेतले आणि तिने वाफेच्या यंत्राचे भविष्यच पालटले. प्रतिकृती करणाराने प्रमाणाचा विचार का करावा, हे सांगणारे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

उष्णतेप्रमाणेच दुसरी अडचण गळतीची. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामध्ये बारीकशी फट राहतेच. समजा, ती सर्व बाजूंनी एक दशांश मिलिमीटर आहे. ४० सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये अशा फटीचे क्षेत्र दट्ट्याच्या क्षेत्राचा हजारावा हिस्सा भरते, म्हणजे ते नसल्यासारखेच. १:१६ या प्रमाणात सिलिंडर अडीच सेंटिमीटरचा होतो. तेथे तीच फट सुमारे बासष्टावा हिस्सा होते. १:३२ या प्रमाणात ती एकतिसावा हिस्सा होते. प्रतिकृती लहान झाली म्हणून कारागिराच्या हाताची अचूकता आपोआप वाढत नाही. ती वाढवावी लागते, आणि तिला सरावाची वर्षे लागतात.

काही गोष्टी तर मुळीच लहान करता येत नाहीत. मोठ्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये विस्तवाची धग वाहून नेणाऱ्या पुष्कळ नळ्या असतात. त्यांचा व्यास पाच सेंटिमीटर धरला, तर १:१६ या प्रमाणात तो केवळ तीन मिलिमीटर होईल. पण कोळशाची काजळी काही सोळापट बारीक होत नाही. अशी नळी पाहता पाहता तुंबून जाते. म्हणून जाणते कारागीर तेथे प्रमाण सोडून देतात आणि संख्येने थोड्या, पण सुमारे एक सेंटिमीटर व्यासाच्या नळ्या बसवितात. बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखविणाऱ्या काचनळीचेही असेच आहे. ती फार अरुंद केली, तर पाणी तिच्यात चिकटून राहते आणि खोटी पातळी दाखविते. बाहेरून प्रमाण पाळावे आणि आतून निसर्गाचा नियम पाळावा, अशी या कलेतील रीत आहे.

लहानपणाचे तोटेच आहेत असे मात्र नाही. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते, हे तुम्ही पाहिले असेल. इंजिनाचेही काहीसे तसेच आहे. लांबी अर्धी केली, तर दट्ट्याचे क्षेत्र चौथा हिस्सा होते आणि वजन आठवा हिस्सा होते. म्हणजे वाफेचा दाब तोच ठेवला, तर वजनाच्या मानाने दट्ट्याचा जोर दुप्पट होतो. त्यामुळे लहान इंजिनाला जोराची वाण पडत नाही. मात्र चाकांची रुळावरील पकड वजनावर अवलंबून असते. इंजिन फारच हलके असले, तर त्याची चाके जागच्या जागी गरगरतात आणि गाडी हलत नाही.

इंग्लंडमध्ये १८९८ पासून ‘मॉडेल इंजिनिअर’ नावाचे नियतकालिक निघू लागले. लहान इंजिन कोळशावर चालून माणसाला ओढू शकेल काय, याविषयी १९२० नंतरच्या दशकात तेथे मोठा वाद झाला. तेव्हा ‘एल. बी. एस. सी.’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका कारागिराने अडीच इंच अंतराच्या रुळांवर धावणारे आपले इंजिन प्रत्यक्ष चालवून दाखविले. त्या चिमुकल्या इंजिनाने मोठ्या माणसाला ओढून नेले. अडीच इंच म्हणजे साडेत्रेसष्ट मिलिमीटर. आपला जुना मीटरगेज मार्ग १:१६ या प्रमाणात लहान केला, तर साडेबासष्ट मिलिमीटर अंतर येते. म्हणजे मनमाड-संभाजीनगर मार्गावरील इंजिनाची १:१६ प्रतिकृती जवळजवळ त्याच मापाची होईल.

याहून खूप लहान प्रमाण घेतले, तर काय होते, हे पुण्यात पाहावयास मिळते. तेथील कोथरूड भागात जोशी यांचे लघु रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ पासून लोकांसाठी खुले झाले. तेथील गाड्या १:८७ या प्रमाणातील आहेत. आपले १६ मीटरचे इंजिन या प्रमाणात १८ सेंटिमीटरचे होईल आणि त्याचा सिलिंडर पाच मिलिमीटरहूनही अरुंद होईल. म्हणून या गाड्या विजेवर चालतात. त्या योगे डोंगर, बोगदे, सिग्नल, स्थानके असे एक सबंध जग एका दालनात मावते. ज्याला रेल्वेचे सारे दृश्य उभे करावयाचे आहे, त्याने हे प्रमाण घेणे योग्यच आहे. ज्याला वाफ चालवावयाची आहे, त्याने दुसरे घ्यावे. इतक्या लहान आकारात वाफच हवी असेल, तर यंत्राची रचना पालटावी लागते. यात्रेत मिळणारी पत्र्याची होडी आठवा. तिच्या पोटातील चपट्या डबीखाली ज्योत ठेवली, की आतील पाण्याची वाफ होऊन नळ्यांतील पाणी मागे फेकले जाते. मग वाफ निवते, पाणी पुन्हा आत ओढले जाते आणि होडी फटफट करीत पुढे सरकते. तिच्यात दट्ट्या नाही, चाक नाही आणि झडपही नाही. म्हणूनच ती एवढी लहान असूनही चालते.

येथे आणखी एक मुद्दा विचारात घ्यावा लागतो. रुळांमधील अंतर आणि प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या देशात ब्रॉडगेज मार्गाचे अंतर १,६७६ मिलिमीटर आहे आणि मीटरगेजचे १,००० मिलिमीटर. नॅरोगेजमध्ये ७६२ आणि ६१० मिलिमीटर अशी दोन मापे आढळतात. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरानची गाडी ६१० मिलिमीटरच्या मार्गावरची आहे. आता प्रतिकृतीसाठी पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर अंतराचे रूळ घातले आहेत असे समजा. त्यावर ब्रॉडगेजचे इंजिन उभे करावयाचे तर ते तेरापटीहून अधिक लहान करावे लागेल. ७६२ मिलिमीटरच्या मार्गावरील इंजिन मात्र बरोबर सहापटच लहान करावे लागेल. खऱ्या सृष्टीत धाकटे असलेले इंजिन प्रतिकृतीत असे थोरले ठरते. त्याचे भाग ठसठशीत होतात, विस्तवाच्या खोलीत सहज कोळसा टाकता येतो आणि रूळ मात्र तेवढेच राहतात. म्हणून पुष्कळ कारागीर मुद्दाम नॅरोगेजचे इंजिन निवडतात.

७६२ मिलिमीटरच्या मार्गाचे आपल्याकडील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने आखलेला हा मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला आणि पुढे लातूर, पंढरपूर व मिरज येथपर्यंत वाढला. त्या भागात माल आणि उतारू यांची ये-जा बेताची होती. तेथे ब्रॉडगेज मार्ग घालणे खर्चाच्या दृष्टीने पेलण्यासारखे नव्हते. कॅलथ्रॉपने म्हणून अरुंद मार्ग निवडला आणि गाडीच्या कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, असे बंधन घातले. त्यामुळे हलके रूळ पुरले. आज त्या ठिकाणी ब्रॉडगेज मार्ग झाला आहे. परंतु आपल्या मुलखाला केवढी आगगाडी पेलेल, हा प्रश्न खऱ्या रेल्वेच्या अभियंत्यालाही आधी सोडवावा लागला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. बॉयलरमध्ये पाण्याबरोबर शक्तीही कोंडलेली असते. एक लिटर पाण्याची सर्व वाफ झाली, तर मोकळ्या हवेत ती सुमारे १,६०० लिटर जागा व्यापते. आठ लिटरचा बॉयलर फुटला, तर एक लिटरच्या बॉयलरपेक्षा कितीतरी मोठा अनर्थ होईल. एक लिटरचा बॉयलरही मुळीच खेळणे नव्हे. शिसे-कथिलाचा डाख १८३ अंश सेल्सियसच्या आसपास वितळू लागतो, आणि बॉयलरमधील पाणी आटले, तर तेथील धातू याहून पुष्कळ अधिक तापतो. म्हणून बॉयलरचे सांधे त्या डाखाने कधीही जोडीत नाहीत. ते चांदीच्या डाखाने आणि तज्ज्ञाच्या हातूनच जोडले जातात. बॉयलरवर सुरक्षा झडप असलीच पाहिजे. नव्या बॉयलरची परीक्षा प्रथम थंड पाण्याने, नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन करतात. पाणी दाबाखाली फारसे आकसत नाही. त्यामुळे एखादा सांधा उलला, तरी केवळ पाणी गळते, स्फोट होत नाही. हे काम जाणत्या वडीलधाऱ्या माणसावाचून कोणत्याही मुलाने करू नये. हाती येईल तो डबा बंद करून चुलीवर ठेवणे, हा तर जिवावरचा प्रकार होय.

तर मग बिडकीनच्या मुलाने कोठून आरंभ करावा? रुळावर धावणाऱ्या इंजिनापासून नव्हे. प्रथम त्याने एका जागी बसून चाक फिरविणारे साधे यंत्र करावे. त्यात एकच सिलिंडर असतो आणि तो दट्ट्याबरोबर स्वतःच डुलत डुलत वाफेची वाट उघडतो व मिटतो. त्यामुळे वेगळ्या झडपा लागत नाहीत. त्याच्या सिलिंडरचा व्यास एक ते दीड सेंटिमीटर ठेवावा. तेवढे माप साधण्याजोगे असते आणि धातूही थोडा लागतो. दट्ट्या व सिलिंडर गावातील किंवा शहरातील लेथवाल्याकडून कातून घ्यावे. उरलेले भाग घरी कानशीने घासून जुळवावेत. चाक जड असावे, म्हणजे दट्ट्या शेवटच्या टोकाला येऊन अडकत नाही.

या यंत्रासाठी आरंभी बॉयलर लागतच नाही. सायकलीच्या पंपाची नळी जोडून हवा भरली, की यंत्र चालू लागते. हवेने जे यंत्र अडखळते, ते वाफेनेही अडखळणार. दोष कोठे आहे, हे थंड यंत्रात न भाजता शोधता येते. हवेवर यंत्र सुरळीत चालले, म्हणजे बॉयलरचा विचार वडिलांच्या वा शिक्षकांच्या सल्ल्याने करावा. पुढे हात बसला, चांगल्या लेथची सोय झाली, तर १:१६ प्रमाणातील मीटरगेजचे इंजिन मनात आणावे. ते एकट्याला उचलता येते, त्याची साडेआठ सेंटिमीटरची चाके लहान लेथवर कातता येतात, त्यात कोळशाचा विस्तव टिकतो आणि ते माणसाला ओढते. त्याहून मोठे करावयाचे असेल, तर आधी ते ठेवण्याची जागा, उचलणारे हात आणि धातूची किंमत यांचा हिशेब कागदावर मांडावा.

प्रमाण निवडताना कारागिराने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. माझी हत्यारे एवढ्या मोठ्या भागाला पुरतील काय? माझा हात एवढ्या बारीक भागाला पुरेल काय? एवढ्याशा सिलिंडरमध्ये वाफ जिवंत राहील काय? आणि एवढ्या मोठ्या बॉयलरची जोखीम मला पेलेल काय? पहिला आणि चौथा प्रश्न इंजिनाला लहान करीत आणतात, तर दुसरा आणि तिसरा त्याला मोठे करीत नेतात. या ओढाताणीत जेथे चारही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर मिळते, ते आपले प्रमाण. ते शेजाऱ्याच्या प्रमाणाहून निराळे असेल, त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

अंगणात अर्धवट पडलेल्या मोठ्या इंजिनापेक्षा मेजावर फिरणारे एक लहानसे चाक अधिक शिकवून जाते. ते फिरू लागले, म्हणजे त्याच्या सिलिंडरला हळूच हात जवळ न्या. हवेवर चालते आहे तोवर तो थंड असेल. ज्या दिवशी त्यात वाफ येईल, त्या दिवशी तो तापलेला असेल आणि त्याच्या तळाशी पाण्याचे थेंब जमलेले दिसतील. त्या थेंबांकडे जेम्स वॅटप्रमाणे लक्ष देऊन पाहा, आणि ते कोठून आले, हे आपल्या वहीत लिहून ठेवा.